अण्णा, दोन अंश म्हणजे किती?

अण्णा,

काल तुझ्या शाळेत सभा झाली. मला पुढच्या खुर्चीत बसवलं, चंपाला शेजारी. हेडमास्तर उठले, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "मास्तरांनी उभ्या आयुष्यात एका अंशाचीही चूक केली नाही." पोरांनी माना खाली घातल्या. मी मात्र हसले. पदर तोंडात कोंबून हसले, आणि बायांना वाटलं, भावासाठी रडतीय बिचारी. एकीनं तर पाठीवरनं हात फिरवला.

एका अंशाची न्हायच केलीस. दोन अंशांची केलीस. आणि ज्या पोरीला ती भोवली ती माझी पोरगी शेजारी बसून हेडमास्तरांच्या ओठांकडं टक लावून बघत होती. तिला ऐकू येत न्हाय. तुझ्या त्या काचेच्या नळीनं तिचा ताप मोजलास, त्या दिवसापासनं न्हाय.

गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. म्हणू देत. जिवंतपणी तुला तोंडावर बोलत आले, आता पाठीमागं गोड बोलायला लागले तर तुलाच ओळखू यायची न्हाय ही कोण बाई. आणि हो, लिहायला तूच शिकवलंस, तरी 'न्हाय'चं 'नाही' करणार न्हाय. जन्मभर माझं बोलणं सुधारत बसलास. आता सुधार बघू.

लोकांनी शाळेतला मास्तर बघितला, घरातला मास्तर मी सोसला. ह्या टिळकवाडीच्या घरात तुझ्या नळीनं बघितल्याशिवाय काही गरम न्हाय आणि काही गार न्हाय. दुधाला विरजण लावायचं, आधी नळी. चहा ओतायचा, आधी नळी. (तुझं दही चांगलं लागायचं, खोटं कशाला बोलू.) हंडाभर पाणी तापवायला उष्णता किती, तेवढ्या उष्णतेला शेण्या किती, ह्याचं गणित मांडून तू न्हाणीघराच्या दाराला कागद चिकटवलास. त्यात पाणी होतं, शेण्या होत्या, अंश होते. माणसाला थंडी वाजते का, हे कुठं नव्हतं. पौषात मी चोरून जास्तीच्या शेण्या सारायची, आणि तू हंड्यात नळी बुडवून मला चोरासारखी पकडायचास. "कमळा, ही उष्णता वाया गेली." अरे, माझ्या अंगावर गेली ती वाया कशी गेली?

फॅरनहाइटचा तर तुला सवतीसारखा मत्सर. "बत्तीसला बर्फ! हे काय मोजमाप आहे? निपाणीच्या बाजारातली पायली बरी." आमच्या निपाणीच्या पायलीला कशाला मधे ओढायचास कोण जाणे. तू स्वतः निपाणीचाच की. पण बेळगावला येऊन विज्ञानाचा मास्तर झालास आणि गावाकडचं सगळं तुला वाकडं दिसायला लागलं. सेंटिग्रेड तेवढं सरळ. शून्याला बर्फ, शंभराला उकळी, मधे स्वच्छ शंभर पायऱ्या. "इंग्रज जाईल तेव्हा फॅरनहाइट पेटीत घालून घेऊन जाईल, बघ तू." आता म्हणे इंग्रजाची बांधाबांध चाललीय. फॅरनहाइटचं काय ठरलं ते कुणी सांगत न्हाय.

आणि ते शंभर! आठवतंय? आपण जैन, बस्तीला जाणारी माणसं, पाणी गाळून उकळून पिणारी. रोज सकाळी चुलीवर पाणी खदखदायचं. एकदा हौसेनं तू त्यात शाळेतली लांब नळी धरलीस आणि तुझं तोंड उतरलं. पाणी उड्या मारतंय आणि पारा सत्त्याण्णवावरच अडलाय. नळी पुसलीस, परत धरलीस, विस्तव वाढवायला लावलास. पारा हटेना. मग म्हणालास, बेळगाव उंचावर आहे, इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. मी म्हणाले, "म्हणजे अण्णा, तुझं शंभर कुठल्यातरी समुद्रकाठचं हाय. आपल्या गावात ते कधी आलंच न्हाय." त्या दिवशी तू मान खाली घालून जेवलास. मी मुद्दाम कढी गार वाढली.

पण मला एवढं बोलायची ताकद आली कुठनं, तेही सांगते. न्हायतर म्हणशील, बाईला चांगलं काही दिसतच न्हाय.

चंपाचे वडील गेले तेव्हा मी चिकोडीकडं सासरी होते. दिरानं मला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं आणि उरलेलं-सुरलेलं ताटात टाकायला लागला. तू बैलगाडी करून आलास. वहिनी बाळंतपणात गेलेली, तुझंही घर सुनंच होतं. सासरे ओसरीवर म्हणाले, "या मास्तर, बसा. पाणी घ्या. चार माणसं बोलावून काय ते ठरवू." तू चपला काढल्या न्हायस. म्हणालास, "पाणी माझ्या बहिणीच्या हातचं माझ्या घरी पिईन. आणि ठरवायचं ते ठरलंय. कमळा, पोरीला घे, गाडीत बस." दीर आडवा आला. तू त्याच्याकडं बघितलंस सुद्धा न्हाय. गाडी वेशीबाहेर पडली तेव्हा मी चंपाला पोटाशी धरून मोठ्यानं रडले, आणि तू गाडीवानाला म्हणालास, "बैल सावकाश हाण, खड्डे आहेत."

तो दिवस मी विसरले न्हाय, अण्णा. विसरले असते तर तुझा राग करणं सोपं गेलं असतं. पुरं बोलणं म्हणजे काय ते त्या दिवशी तुला येत होतं. कोण, कुठं, कशात बसायचं, सगळं सांगितलंस.

मग ती गोव्याची नळी घरात आली. शाळेतले ड्रिलमास्तर गोव्याचे. सुट्टीला घरी गेले की तुझ्यासाठी काहीबाही आणायचे. एकदा ताप बघायची नळी आणली. घाटाखाली पोर्तुगीजांचं राज्य, तिथं माणसाचा तापसुद्धा सेंटिग्रेडात मोजतात. छत्तीस, सदतीस, अडतीस, असे आकडे. तुला आभाळ ठेंगणं झालं. "बघ कमळा, घाट उतरला की माणसं शहाणी होतात." नळी काय म्हणून घरभर दाखवलीस! आणि जुनी इंग्रजी नळी त्याच दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकलीस. मी म्हणाले, "असू दे की दोन्ही." तू म्हणालास, "एका घरात दोन मापं नकोत."

ह्या बेळगावात एक वैद्य, एक डॉक्टर, एक सुईण सेंटिग्रेड बोलत नव्हती. सगळ्या गावाचा ताप फॅरनहाइटात, आणि आपल्या घराचा तेवढा गोव्याचा.

चंपाला विषमज्वर झाला. डॉक्टर येऊन स्वतःच्या नळीनं बघून गेले. शंभर आहे म्हणाले, वाढला तर कळवा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीच्या ओठांच्या साली निघाल्या, डोळे ठरेनात, मला 'आई' म्हणायचं सोडून भिंतीला काहीतरी सांगत बसली. तू गोव्याची नळी लावलीस. काल तुझ्या मापानं अडतीसला आलेला पारा चाळिसाला गेला होता. मी म्हणाले, "अण्णा, डॉक्टरला बोलाव." तू निघालास, आणि तेवढ्यात नशिबानं म्हण, न्हायतर कमनशिबानं म्हण, डॉक्टरांचा टांगाच फाटकासमोर आला. काकतीला बाळंतीण अडली होती, तिकडं निघाले होते. टांग्यातनंच विचारलं, "काय मास्तर, ताप कसा आहे?"

तू फाटकाला हात टेकून उभा होतास. नळी हातात होती. मी उंबऱ्यात होते, माझ्या कानानं ऐकलं.

"कालच्यापेक्षा दोन अंशांनी वाढलाय."

"दोनच ना? मग घाबरू नका. ओल्या पट्ट्या ठेवा. काकतीहून आलो की सकाळी बघतो."

टांगा गेला. तू आत आलास आणि पट्ट्या भिजवायला बसलास. मला धीर आला, अण्णा. त्याचाच मला लई राग येतो. मला धीर आला.

संध्याकाळी चंपा आचके द्यायला लागली. डॉक्टर काकतीत. पुढचं मी लिहीत न्हाय, तुला ठाऊक हाय.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी स्वतःची नळी लावली, बघितली आणि तुझ्याकडं वळले. "काल दोनच म्हणाला होतात ना? दोनाचे एवढे कसे?"

तू म्हणालास, "दोन सेंटिग्रेड."

डॉक्टरांनी हातातली बॅग खाली ठेवली. "मास्तर, इथं कोण सेंटिग्रेडात ताप सांगतं? तुमचे दोन म्हणजे आमचे जवळजवळ चार. मला वाटलं एकशे दोन. एकशे चार म्हणाला असतात तर मी टांगा सोडला असता."

तू काय करावंस? खिशातनं पेन्सिल काढून त्यांना नवानं गुणून पाचानं भागायचं सूत्र सांगायला लागलास. माझी पोरगी तिथं पडलेली, आणि तू सूत्र सांगतोस! डॉक्टर ऐकत उभे राहिले, भला माणूस. मला वाटलं चुलीतलं लाकूड काढून तुझ्या पेन्सिलीवर घालावं.

ताप उतरला. पोरगी उठून बसली, पेज प्यायली, मी बस्तीत जाऊन दिवा लावला. मग एका सकाळी माझ्या हातनं पितळी पातेलं निसटलं. सगळं घर दचकलं. शेजारीण धावत आली. चंपा पाठमोरी बसून भावलीचे केस विंचरत होती, ती विंचरतच राहिली.

तेव्हापासनं आपलं भांडण. तू म्हणायचास, "डॉक्टर थांबले असते तरी ओल्या पट्ट्याच ठेवल्या असत्या. ह्या ज्वराला औषध नाही. कान ज्वरानं गेले, अंशांनी नाही." आणि म्हणायचास, "मी खोटं सांगितलं नाही. दोन म्हणजे दोनच होते." असेल रं बाबा. मी कुठं म्हणाले की तू कान कापलेस? मला एकच पाहिजे होतं. एकदा माझ्याकडं बघून म्हणायचं, "कमळा, कुठले अंश ते सांगायला पाहिजे होतं." एवढंच. पण सुंभ जळेल, पीळ जळायचा न्हाय. आणि आपण एकाच आईची पोरं, पीळ मलाही होता.

मग मीही तुला सोडलं न्हाय. तुझे विद्यार्थी शिकवणीला बसलेले असले की मी चहा घेऊन यायची. "अण्णा, साखर दोन चमचे घालू? कुठले चमचे ते सांग बाबा, न्हायतर घोटाळा व्हायचा." पोरं हसायची, तुझे कान लाल व्हायचे. तू एखाद्याला चुकलेल्या गणितासाठी झापत असलास की मी आतनं ओरडायची, "अण्णा, दोन अंश म्हणजे किती?" तू वही मिटायचास. पोराची सुटका व्हायची. पोरं मला लई मानायची ती त्यामुळं.

पर्युषण संपलं की आपल्यात क्षमा मागतात. दर वर्षी सगळ्यांची मागून झाली की शेवटी तू माझ्यासमोर हात जोडायचास. "कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर." काही म्हणजे काय, अण्णा? हे म्हणजे आकडा आहे आणि माप न्हाय. मी विचारायची, "कळत का नकळत, ते आधी सांग." तू हात तसेच धरून उभा राहायचास. मग मी आत जायची. दर वर्षी. लोक म्हणायचे, काय कठीण काळजाची बाई. व्हय, हायच. भावावर गेलीय.

आणि एवढं करून पोरगी तुझीच झाली, हे मला कसं सोसलं असेल? ऐकू येईना तशी ती बोलणंही विसरत चालली. तू स्वयंपाकघरात ओळीनं भांडी मांडलीस. एकात माठातलं पाणी, एकात थोडं तापलेलं, एकात हात टिकेल तेवढं, एकाला नुसतं लांबनं वाफ दाखवायची. तिचा तळवा भांड्याला लावायचास, मग तोच तळवा तुझ्या गळ्याला, आणि म्हणायचास, "गार." मग "कोमट." मग "ऊन." मग "कढत." तुझ्या गळ्याची थरथर तिच्या तळहातात. पोरगी तुझ्या ओठांकडं बघत बघत म्हणायची, "कोऽमट." आधी ह्याच शब्दांना तू हसायचास. "कोमट म्हणजे किती? ऊन म्हणजे किती? ही काय मापं आहेत?" आता तीच मापं घेऊन रोज बसायचास, शाळेतनं आल्यावर टोपीही न काढता. मी दाराआड उभी राहून बघायची. वाटायचं, जावं आणि तुझ्या पाया पडावं. आणि वाटायचं, भांडी उधळून लावावीत. प्रायश्चित्त घेत होतास तू, पाप न सांगता. बस्तीत असलं चालत न्हाय.

आज ती लिहिते, वाचते, ओठ वाचते, चार शब्द बोलते, शिवणकाम करते. सगळं तुझ्यामुळं. हेही लिहून ठेवते. आणि का बहिरी झाली, ते तिला आपण दोघांनीही सांगितलं न्हाय. ताप आला आणि कान गेले, एवढंच. ती तुला देव मानायची. मी तिला कधी सांगितलं न्हाय, ह्यात तुझ्यावर उपकार किती आणि माझी भीती किती, ते मलाच ठाऊक न्हाय.

तूच एकदा शिकवलंस, तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. टाचणी लाल होईस्तोवर तापवली तर तिचं तापमान हंड्यातल्या पाण्याहून कितीतरी जास्त, पण उष्णता हंड्यात जास्त. मी लगेच म्हणाले, "म्हणजे तू टाचणी. चटका बसतो, आंघोळ होत न्हाय." तू चष्मा काढून माझ्याकडं बघितलंस. "आणि तू गं? हंडा?" मी उठून हंड्याखाली शेण्या सारल्या.

आता शेवटचं.

तुझ्या छातीत कफ भरला, ताप चढला. घरात तीच गोव्याची नळी. दुपारची वेळ, चंपा तुझ्या पायाशी पट्ट्या पिळत होती. मी तुझ्या काखेत नळी लावली, काढली, खिडकीशी नेऊन बघितली. काल अडतीस, आज चाळीस. नळीही तीच आणि आकडेही तेच, अण्णा. देवाला एवढी चेष्टा सुचावी.

तू विचारलंस, "किती?"

मी काय बोलायला पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "कालच्यापेक्षा दोन अंशांनी वाढलाय."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, लागली झोप. चंपानं कपाळावरची पट्टी बदलली. मग तू डोळे उघडलेस, माझ्याकडं सरळ बघितलंस आणि ओठ हलवलेस.

"कुठले?"

एवढ्या वर्षांनी. तो एक शब्द. फाटकाशी नळी हातात धरून जो सांगायचा राहिला, तो तू मला विचारलास. मी पिळलेली पट्टी परत पिळत बसले. तुला उत्तर दिलं न्हाय, आणि दिलं न्हाय ह्याचं मला वाईट वाटत न्हाय. तू वाट बघितलीस थोडी. मीही लई बघितलीती.

तेवढ्यात फाटक वाजलं. डॉक्टर आले, हे नवे, तरुण. सायकल टेकवतानाच विचारलं, "मास्तरांचा ताप किती?" मी उंबऱ्यातनं सांगितलं, तुला ऐकू जाईल असं, ठणठणीत. "चाळीस सेंटिग्रेड. तुमच्या फॅरनहाइटात एकशे चार. काल अडतीस, म्हणजे तुमच्या शंभराच्या किंचित वर." डॉक्टर म्हणाले, "वा! मास्तरांची बहीण शोभता." आत आले, छाती तपासली, गोळ्या दिल्या आणि मला म्हणाले, "ओल्या पट्ट्या ठेवत राहा."

दुसऱ्या दिवशी तू गेलास.

म्हणजे भांडण तूच जिंकलंस. पुरं सांगितलं, दोन्ही मापांत सांगितलं, डॉक्टर दारात न थांबता आत आला, आणि तरी ओल्या पट्ट्याच. तुझंच खरं झालं, मेल्या. पण हे दाखवायला मरायची काय गरज होती? मी हरले असते की तशीच. कधीतरी.

न्हाणीघराच्या दारावर तुझा कागद अजून हाय. आज मी हंड्याखाली शेण्या घातल्या, घातल्या, आणखी घातल्या, पाणी कढत केलं, आणि मग अंगावर घेववेना. नळी बुडवून मला पकडायला कुणी आलं न्हाय. तिथंच पाटावर बसून रडले. हे खरं रडणं होतं, सभेतलं न्हाय.

बाहेर आले तर चंपा पाटी घेऊन बसलीती. तिनं तुझे ओठ हलताना बघितले होते, पण तोंड तुझं माझ्याकडं होतं, तिला नीट वाचता आलं न्हाय. पाटीवर लिहिलं होतं, "मामा शेवटी तुला काय म्हणाला?"

मी तिच्या हातची पेन्सिल घेतली. मग लिहिलं, "क्षमा मागितली."

तिनं वाचलं. माझ्या हातनं पेन्सिल घेतली, खाली एक शब्द लिहिला आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

"कशाची?"

पुरं सांगू का, अण्णा? बोल की आता.